संगणकातली पाल

गेल्या श्रावणात एका सोमवारी सायंकाळी मी आमच्या सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त टंकित करत बसलो असताना टेबलाच्या बाजूने 'टक्, टक्, टक्' असा आवाज आला. देवघरापाशी वाती वळत बसलेल्या आईने मान वर न करता पाटावर बोटाने तीनदा टकटक करून "कृष्ण कृष्ण" म्हटले आणि मला विचारले, "आत्ता काय लिहीत होतास रे?" मी 'गच्चीच्या गळतीचे काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाले आहे' हे वाक्य लिहीत होतो, त्यामुळे पालीची शंका मला रास्तच वाटली.

पुढचा अर्धा तास पत्नीने स्टुलावर उभे राहून केरसुणीने पडदा, घड्याळ आणि दिनदर्शिका यांच्यामागे पालीचा शोध घेतला. पाल मिळाली नाही, आवाज मात्र येतच राहिला. शेवटी मी संगणकाच्या कॅबिनेटला कान लावला, तेव्हा आवाज तिथूनच येत असल्याचे लक्षात आले. त्याच सुमारास पडद्यावरचा बाणही गच्चीच्या गळतीवर येऊन थिजला.

आमच्या भागात संगणक दुरुस्त करणारा एक मुलगा आहे. त्याला मी दूरध्वनीवरून तो आवाज ऐकवला. "काका, डिस्क जातेय," तो म्हणाला. "बॅकअप आहे ना?"

"आहे की," मी म्हणालो. डॉक्टरांनी "रोज चालायला जाता ना?" असे विचारल्यावर ज्या सुरात आपण होकार देतो, तोच हा सूर होता.

बॅकअप अगदीच नव्हता असे नाही. २००८ ते २०११ या काळात मी मोठ्या हौसेने तेवीस डीव्हीडी भरून ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावर मार्करने 'फोटो', 'फोटो २', 'इतर' आणि एका डीव्हीडीवर 'ही नाही' असे लिहिले होते. कोणत्या डीव्हीडीवर काय आहे याची सविस्तर यादीही केली होती. ती यादी या आजारी डिस्कवर होती.

त्या मुलाने सांगितल्यावरून मी एक मोफत प्रोग्रॅम चालवला. हार्ड डिस्क स्वतःच्या दुखण्यांची नोंद स्वतःच ठेवत असते, ही गोष्ट मला त्या दिवशी कळली. किती जागा खराब झाल्या, त्यांपैकी कितींच्या बदली राखीव जागा वापरल्या आणि किती जागांचा निर्णय अजून प्रतीक्षेत आहे, हे सारे तिने चोख लिहून ठेवले होते; फक्त कोणी विचारले नव्हते म्हणून ती बोलली नव्हती. आमच्या डिस्कची प्रतीक्षायादी दिवाळीतल्या रेल्वेगाडीसारखी लांब होती. आतल्या तबकड्या मिनिटाला ७,२०० वेळा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरतात आणि वाचणारे टोक त्यांच्यावर अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. त्या टोकाला आपली जागा सापडेनाशी झाली की ते पुन्हा पुन्हा मूळ ठिकाणी परत जाते आणि तोच आमच्या पालीचा आवाज होता. चष्मा कुठे ठेवला हे न आठवल्यामुळे मी स्वयंपाकघरापर्यंत जाऊन तसाच परत येतो, तेव्हा माझ्याही चपलांचा साधारण असाच आवाज होत असावा.

ही डिस्क मी २०१२ च्या आरंभी घेतली होती. २०११ मध्ये थायलंडमध्ये मोठा पूर आला, तिथले डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर डिस्कचे भाव कडाडले. नेमक्या त्याच महागाईत माझी खरेदी झाली. इतके पैसे मोजलेली वस्तू टाकून द्यायची नाही, या तत्त्वापायी मी गेली काही वर्षे तिचे कण्हणे मनावर घेतले नव्हते.

दुसऱ्या दिवशी एक टेराबाइटची बाह्य डिस्क आणली. संगणकाने ती ९३१ गीगाबाइटची असल्याचे सांगितले. "म्हणजे एकोणसत्तर कमी भरले," आई म्हणाली. "वाण्याकडे मी असं चालवून घेतलं नसतं." कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि संगणक १,०२४ च्या पटीत, त्यामुळे हा फरक दिसतो, वस्तुतः काहीच कमी नसते, हे मी तिला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि "वाणीसुद्धा असंच सांगतो," एवढेच म्हणाली.

मुलाची ताकीद स्पष्ट होती : सारखे चालू-बंद करायचे नाही, काहीही उघडून बघत बसायचे नाही आणि महत्त्वाचे ते आधी उचलायचे. महत्त्वाचे काय, या प्रश्नावर आमच्या घरात रात्री साडेअकरापर्यंत चर्चा झाली. पत्नीच्या मते मुलीचे लहानपणचे फोटो, बंगळुरूहून दूरध्वनीवर हजर असलेल्या मुलीच्या मते त्या फोटोंखेरीज सर्व काही, आणि आईच्या मते तिच्या भजनी मंडळाची ध्वनिमुद्रणे महत्त्वाची होती. माझ्या स्वतःच्या व्यवस्थितपणाबद्दल मला जो अभिमान होता तो फोल्डरांची नावे वाचताना गळून पडला. 'महत्त्वाचे', 'महत्त्वाचे जुने', 'नवीन फोल्डर (७)', 'आवरायचे' आणि 'आवरायचे' याच्या पोटात पुन्हा 'महत्त्वाचे' अशी ती वंशावळ होती.

नक्कल सुरू झाली. उरलेला वेळ प्रथम चार तास दिसला, मग अकरा दिवस, मग चाळीस सेकंद आणि पुन्हा अकरा दिवस. मी पाणी प्यायला उठलो तेवढ्यात पत्नी आणि आई मुलीच्या मुंडावळ्या बांधलेल्या फोटोपाशी पोहोचल्या होत्या. "एकच बघतोय," असे म्हणत त्यांनी भावाच्या लग्नाचे एकशे चाळीस फोटो उघडले. डिस्क टकटक करू लागली. "कृष्ण कृष्ण," आई म्हणाली आणि पुढचा फोटो उघडला. त्याच लग्नाचे चित्रीकरण मी जादा सुरक्षितता म्हणून बत्तीस गीगाबाइटच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर टाकायला गेलो, तर फाइल फार मोठी असल्याचा निरोप आला. हा पेन ड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने आखलेला होता आणि त्या पद्धतीत एकेक फाइल चार गीगाबाइटच्या आतच असावी लागते. सात खोल्यांच्या घराचा दरवाजा अरुंद म्हणून कपाट बाहेर राहावे, तसा हा प्रकार होता.

सगळ्यांत जास्त छळले ते आईच्या पाककृतींनी. २००४ मध्ये ती सांगत गेली आणि मी टंकत गेलो, अशा दोनशेहून अधिक पाककृती आहेत. त्या निर्धोक उतरल्या. खात्री करण्यासाठी मी पत्नीच्या लॅपटॉपवर 'अळूची वडी' उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरे, टिंबे आणि परदेशी चलनांच्या खुणा यांची भेळ आली. त्या काळचे बहुतेक मराठी फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे, नव्हते. रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत, आणि तो विशिष्ट फॉन्ट संगणकात नसेल तर मुखवटा उतरून खालची रोमन लिपी दिसे. म्हणजे फाइल वाचली होती, मराठी वाचली नव्हती. पुन्हा त्या कण्हणाऱ्या डिस्कच्या पोटात शिरून फॉन्ट शोधून आणला तेव्हा कुठे 'चिंचेचा कोळ चवीपुरता' हे शब्द दिसले. आईने ते वाचले आणि चिंच कमी लिहिली आहे, असे सांगितले.

तिसऱ्या रात्री 'महत्त्वाचे जुने' या फोल्डरवर येऊन डिस्क कायमची थांबली. बाकी सारे मिळाले होते. त्या फोल्डरात काय होते हे अद्याप कोणालाही आठवलेले नाही. मात्र घरात जे जे सापडत नाही ते त्यातच होते, यावर आता एकमत आहे. त्यात माझी एक छत्रीही आहे.

मुलाने येऊन जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. "हिच्यात फिरणारं काहीच नाही," तो म्हणाला, "त्यामुळे आवाजही नाही."

"आणि बिघडायला लागली की?" आईने विचारले.

"तेव्हाही नाही, आजी. बऱ्याचदा एकदम जाते."

मी दुसऱ्या दिवशी आणखी एक बाह्य डिस्क मागवली. ती खोक्यातच आहे, कारण आधी फोल्डर आवरायचे आहेत. आई मात्र दिवेलागणीला निरांजन लावून झाले की संगणकापाशी येते, कॅबिनेटवर बोटाने तीनदा टकटक करते आणि आगाऊच "कृष्ण कृष्ण" म्हणून जाते.