अर्ध्या हळकुंडाने

माझं अख्ख्या सेमिस्टरचं काम एका माणसाने दोन बोटांत मोडलं, आणि मोडलेल्या मालाचं बिलही माझ्याच हातात ठेवलं. बिलावर नावापुढे आवर्जून ‘एम.एस्सी.’ लिहिलं. म्हणजे अपमान झाला तो झाला, वर त्याची पक्की पावती मिळाली.

पाल्हाळ न लावता सांगते. मी फिजिक्सला इन्स्ट्रुमेंटेशन घेऊन शेवटच्या वर्षाला आहे आणि शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. सांगलीत राहून प्रोजेक्ट करायचा म्हणजे ऊस, बेदाणा, हळद नाहीतर महापूर, यांतलं काहीतरी घ्यावंच लागतं. महापूर आमच्या सिनिअर्सनी वापरून वापरून संपवला. कृष्णेवरचा आयर्विन पूल थर्माकोलचा, त्याला अल्ट्रासॉनिक सेन्सर, खाली घरातली पिवळी परात. परातीत तांब्याने पाणी ओतलं की लाल एलईडी लागतो आणि परीक्षक ‘सामाजिक उपयुक्तता’ या रकान्यात मार्क देतात. माझ्या वाट्याला हळद आली. नाव एकदम भारदस्त : ‘कपॅसिटिव्ह मॉइश्चर मीटर’.

कल्पना सोपी आहे. डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट, म्हणजे पट्ट्यांमध्ये भरलेला पदार्थ वीज साठवायला किती मदत करतो त्याचा आकडा, पाण्याचा ८० च्या आसपास असतो, खडखडीत वाळलेल्या हळकुंडाचा फार तर चार-पाच. दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये हळकुंडं भरली की ओलावा जितका जास्त तितकी कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, जास्त. ती ५५५ टायमर नावाच्या, ठरावीक वेगाने ठोके देणाऱ्या चिपला जोडायची, ठोक्यांची फ्रीक्वेन्सी किती उतरली ते आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाने मोजायचं आणि डिस्प्लेवर टक्के दाखवायचे. हा ५५५ बाजारात आला १९७२ साली, आजही किरकोळ पैशांत मिळतो आणि इमानेइतबारे चालतो. सगळ्या सर्किटमध्ये त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती ‘फील्ड व्हॅलिडेशन’ या प्रकाराबद्दल. सर म्हणाले, “लॅबमधलं रीडिंग कोणीही आणतं. मार्केट यार्डात जा, व्यापाऱ्याकडच्या मालावर यंत्र चालवून दाखव आणि त्यांच्या लेटरहेडवर सर्टिफिकेट आण. शिक्का पाहिजे.” शिक्क्याशिवाय भौतिकशास्त्राचे नियम लागू होत नाहीत हे मला बी.एस्सी.पासून माहीत आहे, त्यामुळे मी वाद घातला नाही.

ओळखीतून ओळख काढून एका अडत दुकानात गेले. सौदे नुकतेच उरकले होते. पत्र्याखाली उकाडा असा की यंत्राच्या आधी माझंच कॅलिब्रेशन, म्हणजे खऱ्या मापाशी जुळवून ठेवलेलं गणित, बिघडलं. हवेत हळदीची धूळ, खांबावर पिवळे हात पुसल्याच्या खुणा, पोत्यांच्या थप्प्या, आणि गादीवर अण्णा.

“या, या. लग्नाची हळद का?”

“नाही अण्णा, मी कॉलेजमधून आलेय. हळदीतला ओलावा मोजायचं यंत्र केलंय.”

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला. आधी यंत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत यंत्राकडे. “ओलावा? त्याला यंत्र कशाला लागतंय?”

आणि शेजारच्या पोत्यातून एक हळकुंड उचलून त्यांनी कानाजवळ नेलं आणि मोडलं. कट्ट! दोन तुकडे. आतला भाग नारिंगी, मेणासारखा चकचकीत, कडा अगदी साफ.

“नऊ,” अण्णा म्हणाले.

दुसऱ्या पोत्यातलं घेतलं. ते आधी जरासं वाकलं आणि मग मोडलं. आवाज बसका आला. “चौदा. ह्याला परत ऊन दाखवायला पाहिजे. बारा टक्क्यांच्या वर माल कोण घेतंय? बुरशी धरती.”

तोवर माझ्या डिस्प्लेवर ‘इनिशियलायझिंग, प्लीज वेट’ एवढंच आलं होतं. ते वेट करायची खरं तर काही गरज नसते. परीक्षकांना भारी वाटावं म्हणून मी मुद्दाम पाच सेकंदांचा डिले घातलेला. पण अण्णांचे दोन नमुने तपासून झाले तरी माझं यंत्र प्लीज वेटच म्हणत होतं, त्याला काय करणार.

शेवटी आकडा आला. नऊवाल्या पोत्यातली हळकुंडं भरली : ११.४. चौदावाल्यातली भरली : ११.४. रिकामं ठेवलं : ११.४. आम्हाला प्रत्येक तोंडी परीक्षेत विचारतात, ‘अ‍ॅक्युरसी आणि प्रिसिजन यांतला फरक सांगा.’ आजवर मी पाठ केलेलं धडाधडा म्हणायचे. अ‍ॅक्युरसी म्हणजे आकडा खरा असणं, प्रिसिजन म्हणजे दरवेळी तोच येणं. त्या दिवशी ते उदाहरणासकट समोर होतं. माझं यंत्र बरोबर अजिबात नव्हतं, पण आपल्या मतावर ठाम होतं.

मग अण्णा नीट बघायला म्हणून पुढे वाकले आणि आकडा १३ झाला. मागे सरले, परत ११.४. अण्णांच्या डोळ्यांत चमक आली. पुन्हा वाकले. १३.२. मागे. ११.४. वाकले, हात पुढे केला. १७!

“आयला! हे हळदीचं नव्हं, माझा ओलावा सांगतंय की!”

इथून पुढे माझ्या हातात काही राहिलं नाही. माणसाचं शरीर म्हणजे बहुतांश पाणी, त्यामुळे हात जवळ आला की कपॅसिटन्स वाढते, याला स्ट्रे कपॅसिटन्स म्हणतात, असं मी सांगत होते. ऐकायला कोण होतं? अण्णांनी दिवाणजींना बोलावलं. दिवाणजी वाळकुडे, त्यांचा हात नेला तर १२. “बघा, ह्यांच्यात कायच राहिलं न्हाई!” चहावाला पोरगा आला, १५. शेजारच्या दुकानातले दोघं आले. पोती रचून घामाघूम झालेल्या एका हमालदादांनी मनगट धरलं तर थेट ३१, आणि सगळ्या दुकानाने टाळ्या वाजवल्या. हळद विकायला आलेल्या एका काकांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, “बाई, ह्याच्यात शुगर कळती का?” नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. “मग बीपी?”

“अण्णा, प्लीज, तुम्ही सगळे जरा लांब उभे राहता का? रीडिंग हलतंय.”

“माझ्याच दुकानात मी लांब उभा राहू?” अण्णा म्हणाले. पण राहिले. माणूस तसा वाईट नाही, तेच तर दुखणं आहे. वाईट असता तर मनसोक्त राग तरी आला असता.

सगळे दोन हात लांब सरकले आणि आकडा ११.४ वर येऊन बसला. अण्णा लांबूनच म्हणाले, “आता हळद काढून आत कायबी ठेव. तेवढंच सांगंल.” मी ठेवून बघितलं नाही. मला माहीत होतं.

या गडबडीत अण्णांचं हळकुंडं मोडणं चालूच होतं. बोलता बोलता मोडायचे, आकडा सांगायचे, तुकडे माझ्यासमोरच्या घमेल्यात टाकायचे. कट्ट, दहा. कट्ट, नऊ. कट्ट, नऊ. एवढ्यात आमच्याकडे पाठ करून पोती लावणारे ते एकतीस टक्क्यांचे हमालदादा, मान न वळवता म्हणाले, “अण्णा, ते नऊ न्हाई. अकरा हाय. आवाज बसलाय.”

दुकान शांत झालं. अण्णांनी त्याच पोत्यातलं दुसरं मोडलं. डोळे मिटून ऐकलं. “व्हय की. अकरा.”

मी वहीत लिहून घेतलं आणि मला उगीचच ख्रिस्टी आठवला. सॅम्युअल हंटर ख्रिस्टी. व्हीटस्टन ब्रिज म्हणून रेझिस्टन्स मोजायचं जे सर्किट आपण अकरावी-बारावीपासून घासतो, ते या माणसाने १८३३ सालीच मांडलं होतं. व्हीटस्टनने दहा वर्षांनी ते लोकांपुढे आणलं, बिचाऱ्याने श्रेय ख्रिस्टीचं आहे असं स्वतः सांगितलंही, तरी नाव चिकटलं ते व्हीटस्टनचंच. इथेही कान हमालदादांचा आणि लेटरहेड अण्णांचं. सर्टिफिकेटवर सही कोणाची घ्यायची, हा प्रश्न मी सरांना विचारला असता तर ते म्हणाले असते, शिक्का कोणाकडे आहे?

खरं सांगायचं तर त्या मोडण्यात गंमत काहीच नाही, सरळ भौतिकशास्त्र आहे. वाळलेला माल ठिसूळ होतो, भेग एका झटक्यात आरपार जाते आणि आवाज टणक येतो. ओला माल आधी वाकतो, त्यात ऊर्जा जिरते आणि आवाज मेलेला येतो. हा अकूस्टिक सेन्सर झाला, तोही वर्षानुवर्षं रोज कॅलिब्रेट होणारा, कारण आकडा चुकला की खिशातून पैसे जातात. माझ्या यंत्राचा आकडा चुकला तर फार तर ‘सोर्सेस ऑफ एरर’ या मथळ्याखाली चार ओळी वाढतात.

आणि आता रागाचंच बोलायचं तर बोलते. स्ट्रे कपॅसिटन्सचा घोळ होणार हे मला मार्केट यार्डात जायच्या आधी माहीत होतं. पट्ट्यांभोवती गार्ड इलेक्ट्रोड म्हणजे बाहेरचा परिणाम अडवणारी धातूची कड द्यायची, वरून धातूची जाळी असलेली शील्डेड केबल वापरायची, सगळं धातूच्या डब्यात बंद करून डबा ग्राउंड करायचा, हे तिसऱ्या सेमिस्टरच्या नोट्समध्ये माझ्याच अक्षरात आहे. मी स्टोअरला शील्डेड केबल मागितली. उत्तर आलं, “एक मीटर आहे, ती डेमोसाठी ठेवलीय.” धातूचा डबा मागितला. “पुढच्या बजेटमध्ये घालू.” शेवटी घरातून चकलीच्या पिठाचा डबा नेला, तर आईने दिवाळी तोंडावर आलीय म्हणून परत मागून घेतला. लॅबमध्ये चार सीआरओ, म्हणजे सिग्नल पडद्यावर रेघेने दाखवणारी यंत्रं, आहेत. एकाची रेघ वर पळते, एकाची खाली, एकाला जोडायची वायर नाही आणि चौथा इन्स्पेक्शन कमिटीसाठी कापड घालून ठेवलाय. दोन वर्षं आम्ही लीस्ट काउंट, अ‍ॅक्युरसी, रिझोल्यूशन यांच्या व्याख्या लिहून जर्नलं भरतो, डाव्या पानावर पेन्सिलने आकृत्या काढतो, आणि या दोन वर्षांत कॅलिब्रेशनची तारीख चिकटवलेलं एकही मीटर मी हातात धरलेलं नाही. मायक्रोकंट्रोलर म्हणून शिकवतात तो ८०५१, जन्म १९८०. त्याच्याबद्दल मला आदर आहे. पण मुलाखतीला गेलेल्या सिनिअरला समोरच्याने हसून विचारलं होतं, “अजून शिकवतात?” ते हसू एकट्या तिच्यासाठी नव्हतं, आम्हा सगळ्यांसाठी होतं.

असो. सर्टिफिकेटकडे येते. अण्णांनी स्वतः बसून, जिभेचं टोक दातांत धरून लिहिलं :

‘सदर कुमारी यांनी आमचे दुकानी समक्ष येऊन यंत्राद्वारे हळदीची तपासणी केली. यंत्र दिसण्यास सुबक आहे. मुलगी गुणी व कष्टाळू आहे. आमचेकडील हळद उत्तम प्रतीची व पूर्ण वाळलेली असलेबाबत त्यांची खात्री पटली आहे.’

खाली सही. त्याखाली गोल शिक्का, पिवळ्या अंगठ्याच्या ठशासकट.

मी दोनदा वाचलं. गेले होते यंत्राचं सर्टिफिकेट आणायला आणि यंत्राकडून हळदीचं सर्टिफिकेट देऊन आले. “अण्णा, यंत्र चाललं असं एक वाक्य घालाल का?” अण्णा प्रामाणिकपणे म्हणाले, “आता ते कसं लिहू, पोरी?”

आणि मग दिवाणजींनी घमेलं काट्यावर ठेवलं. मोडलेले तुकडे एक किलोला थोडे कमी भरले. १८२ रुपये.

“पण मोडली तुम्ही!”

“तुझ्या अभ्यासासाठी मोडली की. मोडका माल आता सौद्यात कसा लावू?”

घरी आल्यावर आईने तुकडे बघून विचारलं, “ही कणी कुणी गळ्यात मारली तुझ्या?” मग मिक्सरला लावले, तर मिक्सरचं भांडं पिवळं आणि पुढचे काही दिवस चटणी पिवळी. वर आत्या म्हणाली, “एवढं इन्स्ट्रुमेंटचं शिकतेस, तर मिक्सर आवाज का करतोय ते बघ की.”

थोडे तुकडे मात्र मी लॅबला नेले होते. ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवून वजन घटवायची पद्धत आहे, ती केली. हमालदादांच्या ‘अकरा’ पोत्याचे तुकडे १०.८ निघाले. त्यावर माझं म्हणणं एवढंच की हळदीत उडनशील तेल असतं, ओव्हनमध्ये पाण्याबरोबर तेही उडतं, म्हणून मसाल्यांसाठी टोल्यूइन हे द्रावण वापरून फक्त पाणी वेगळं काढून मोजायची डिस्टिलेशनची पद्धत सांगितलेली आहे. म्हणजे खरा ओलावा १०.८ पेक्षाही कमी असणार, आणि दादा तांत्रिकदृष्ट्या चुकले. हे मी रिपोर्टमध्ये लिहिलंय. ठळक अक्षरांत.

सरांनी सर्टिफिकेट वाचलं, शिक्का बघितला, फाइलला लावलं. म्हणाले, “छान.” मजकूर वाचला असं काही वाटलं नाही.

राहिलं बिल. प्रोजेक्टच्या खर्चाला थोडी रक्कम मिळते, म्हणून ऑफिसला लावलं. काउंटरवरच्या मॅडमनी बिल उलटंपालटं केलं. “हे काय, हळद?”

“हो मॅडम, सॅम्पल आहे. कन्झ्युमेबलमध्ये घ्या ना.”

“कन्झ्युमेबलमध्ये रेझिस्टर, कपॅसिटर, सोल्डर. हळद किराणा झाली. फिजिक्सला किराणा पास होत नाही.”

“पण मॅडम, दोन पट्ट्यांमध्ये घातली की तीच कपॅसिटर होते.”

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, बिलाला टाचणी लावली आणि परत सरकवलं. “ठीक आहे, खास बाब म्हणून बघू. पण एका दुकानाच्या बिलावर होणार नाही. आणखी दोन दुकानांतून मोडक्या हळदीचं कोटेशन आण. आणि ह्यांचंही आण, बिलाच्या आधीच्या तारखेचं. शिक्का पाहिजे.”