मोठ्या बाईंच्या मागे

तीस वर्षं बँकेत रकाने भरले. स्वेच्छानिवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी बायकोला सांगितलं, "आता फॉर्म, रजिस्टर, व्हाउचर यांचं तोंड बघणार नाही. मी हत्तींची सेवा करायला जातो."

"आधी माळ्यावरचं सामान काढून द्या," ती म्हणाली. ते काढलं आणि उत्तर थायलंड गाठलं.

स्वयंसेवक म्हणजे पदरचे पैसे भरून राबणारा माणूस, हे घरात कुणालाच पटवता आलं नाही. "किती देणार तुला?" काकांनी विचारलं. "मीच देणार." काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कर्ज विभागात होतास ना?"

चियांग माई प्रांतातल्या डोंगरात करेन लोकांचं गाव होतं. खांबांवर उभी घरं. वर माणसं, खाली कोंबड्या आणि डुकरं. कोंबडा पहाटे साडेतीनला आरवायचा, तोही फळ्यांच्या फटीतून, बरोब्बर माझ्या उशीखालून. घरमालकीणबाईंना मी पहिल्या दिवसापासून आजी म्हणत होतो. चौथ्या दिवशी बोटांवर वयाचा हिशेब झाला, तेव्हा त्या माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान निघाल्या. नशीब, त्यांना मराठी येत नव्हतं.

जेवायला तिन्ही त्रिकाळ भात आणि सोबत नाम फ्रिक, म्हणजे खलात कुटलेला आपला ठेचाच. बाकीचे युरोपातून आलेले स्वयंसेवक तो लांबून बघून डोळे पुसायचे. मी दुसऱ्यांदा मागून घेतला आणि आजींच्या नजरेत माझी किंमत वाढली. बादलीतून डबड्याने आंघोळ हाही माझा हातखंडा. एका डच मुलीला तर मी तांब्या कसा धरतात याचं कोरडं प्रात्यक्षिकच दिलं. माझा हा सगळा रुबाब संडासाच्या दारात संपला. उकिडवं बसायची परंपरा आमची, पण गेली बारा वर्षं गुडघे कमोडवर वाढलेले. बसलो रुबाबात, उठलो भिंतीला धरून.

पहिल्याच सकाळी नियम सांगितले. हत्तीला हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही, अंघोळ घालायची नाही, पाठीवर बसायचं तर नावच काढायचं नाही.

"मग सेवा काय करायची?" मी विचारलं.

तिथल्या मुलीने हसून माझ्या हातात पुठ्ठ्याला लावलेला कागद दिला. त्यावर रकाने होते.

वेळ, हत्ती, कृती, शेरा. दर पाच मिनिटांनी नोंद. खाणे, चालणे, उभे राहणे, अंगावर माती उडवणे, आणि जे कशातच बसत नाही त्याच्यासाठी 'इतर'. हा 'इतर' रकाना बघून मला जरा घरच्यासारखं वाटलं.

माझ्या वाट्याला कळपातली सर्वांत वयस्क हत्तीण आली. तिची चाल बघून मला शाळेतल्या मुख्याध्यापिका आठवल्या, म्हणून मी तिला मनातल्या मनात मोठ्या बाई म्हणू लागलो. या भागातले हत्ती पूर्वी जंगलात ओंडके ओढायचे. १९८९ साली थायलंडने जंगलातल्या लाकूडतोडीवर बंदी घातली आणि हत्ती नि माहूत दोघेही बेकार झाले. मग कित्येकांच्या पाठीवर पर्यटकांच्या खुर्च्या चढल्या. मोठ्या बाईंनीही खुर्चीची नोकरी केली होती आणि आता त्या गावी परतल्या होत्या. म्हणजे त्याही निवृत्तच. फरक एवढाच, की त्यांच्या हातात कुणी फॉर्म दिला नव्हता.

हत्ती दिवसाला दीडशे किलोपर्यंत चारा खातो आणि त्यासाठी बहुतेक सगळा दिवस घालवतो, हे वाचलं होतं. पण हे वाक्य पाच-पाच मिनिटांत कापून लिहायला लागलं की कळतं. ९.०५ खाणे. ९.१० खाणे. ९.१५ खाणे. ९.२० चालणे (खात). बरं, एवढं खाऊन पचतं निम्म्याहूनही कमी. बाकीचा माल जवळजवळ जसाच्या तसा बाहेर. बँकेत याला आम्ही चेक न वटता परत येणं म्हणायचो.

खरी परीक्षा चढावर. आपल्याला वाटतं, तीन टनांचा जीव चालला की जमीन हादरेल. मुळीच नाही. तळपायात चरबीची जाड गादी असल्यामुळे मोठ्या बाई मांजरीच्या पावलांनी चालायच्या. मी कागदावर 'खाणे' लिहून मान वर करेपर्यंत समोर नुसता बांबू हलत असायचा. मी धापा टाकत, चिखलात एक पाय, शोधतोय. इकडे त्यांचा माहूत झाडाखाली टोपी तोंडावर घेऊन आडवा. त्याला गळ्यातल्या लाकडी घंटेवरून झोपेतही पत्ता लागायचा. मला फक्त माझा श्वास ऐकू यायचा. एकदाच घंटेचा आवाज मक्याच्या शेताकडे सरकला, तेव्हा हा मनुष्य डोळे न उघडता उठला आणि उतारावरून पळत सुटला. परत आला, टोपी तोंडावर घेतली, आडवा झाला. एवढ्या कार्यक्षमतेचा शिपाई आमच्या शाखेत असता तर!

पाचव्या दिवशी मी उतारावरून बसल्या बसल्या वीसेक फूट खाली आलो. मोठ्या बाईंनी मान वळवून एकदा पाहिलं आणि पुन्हा बांबूला लागल्या. डच मुलगी धावत आली. मला वाटलं, हात देईल. तिने विचारलं, "हे कुठल्या रकान्यात टाकू?"

"इतर," मी म्हणालो.

घरच्या ग्रुपवर एकच धोशा सुरू होता: हत्तीवर बसलेला फोटो पाठव. बसायचं नसतं, हे मी चार वेळा लिहिलं. शेवटी पडण्याच्या जरा आधी डच मुलीने काढलेला फोटो पाठवला. पुढे मी, मागे गच्च बांबू.

"हत्ती कुठाय?" बायकोने विचारलं.

"डावीकडे, बांबूमागे. करडं दिसतंय ते."

पाच मिनिटं शांतता. मग काकांचा मेसेज आला. फोटो मोठा करून, लाल गोल काढून: "हा दगड आहे."

शक्यच नाही, म्हणून मी पुठ्ठ्यावरचा कागद काढला आणि फोटोची वेळ जुळवली. माझ्याच अक्षरात स्वच्छ लिहिलेलं होतं: ९.४०, दिसत नाही.