लाकूड वाजणारच

सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याचा जिना तिसऱ्या पायरीला कुरकुरायचा. वडील तिथे पाहुण्यांना हात धरून वर आणत. लाकूड वाजलं की सुताराला बोलवायचं, एवढंच माझं त्या विषयातलं शिक्षण. त्यामुळे न्यू जर्सीत, लेकीकडे सहा महिन्यांच्या मुक्कामात, जावई जेव्हा म्हणाला, "बाबा, उद्या लाकडी रोलर कोस्टर!" तेव्हा मी विचारलं, "लोखंडी नाही का?"

लोखंडीही होत्या. पण नातवाला 'एल तोरो'च हवा होता. जॅक्सनच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर या मनोरंजन उद्यानात हा २००६ पासून उभा आहे. स्पॅनिशमध्ये तोरो म्हणजे बैल. आपण बैलाला पोळ्याला पुरणपोळी खिलवतो. त्याच्यावर बसून ताशी ११३ किलोमीटरनं जात नाही.

रांग लांब, त्यात जावई इंजिनिअर. सुटका नव्हती. पूर्वी म्हणे सुतार जागेवरच फळीवर फळी ठोकून रूळ बनवायचे. इथे लाकडाचे थर चिकटवून, कारखान्यात लेझरनं कापून आणले आणि नुसते जोडले. त्यामुळे गाडी कशी लोण्यासारखी धावते! मला जरा बरं वाटलं. मग मी मान वर केली. टोक ५५ मीटरवर आणि उतार ७६ अंशांचा. शाळेत कोनमापकानं ७६ अंश काढून बघा, रेघ उभीच दिसते.

"हे हलतंय," मी म्हणालो.

"हलायलाच हवं, बाबा. लाकूड लवतं म्हणून धक्के सोसतं."

"आणि चाकं रुळावरून उतरली तर?"

"नाही उतरत. वरून चाकं, बाजूनं चाकं, शिवाय रुळाच्या खालूनही चाकं."

"खालून कशाला?"

"टेकाडावर गाडी वर उडू बघते ना!"

हे त्यानं सांगायला नको होतं.

आमच्या सौभाग्यवतींनी सगळ्यांचे चष्मे पर्समध्ये टाकले आणि "मी सामान सांभाळते" म्हणून सावलीतलं बाकडं गाठलं. आम्ही गाडीत बसलो, मांडीवर अडकवायचा दांडा आला. मी रामरक्षा सुरू केली, पण इथे गाडी साखळीनं कटकट करत चढत नाही, केबल तिला झरकन ओढते. ध्यान संपायच्या आत आम्ही टोकावर. पुढे खाली बघायला काही नव्हतंच. मी पडलो, पोट मात्र वरच राहिलं. मग टेकाडांमागून टेकाडं, आणि प्रत्येकावर माझी आणि बाकाची फारकत. लाकडी खांबांचं रान अंगावर धावून येत होतं. दर वेळी वाटे, आता डोकं गेलं.

नातू म्हणतो, आजोबा ओरडत होते. मी रामरक्षा जरा मोठ्यानं म्हणत होतो.

खाली उतरल्यावर जावई कौतुकानं सांगू लागला, "ते बाकावरून उचललं जाणं, त्याला एअरटाइम म्हणतात. त्यासाठी लोक लांबून येतात. आणि खरी मजा शेवटच्या डब्यात!" अरे, कोकणात जाताना एसटीच्या शेवटच्या बाकावर मी हेच चाळीस वर्षं केलंय. फक्त तिथे वरच्या फळीवरून फणसही यायचा.

रात्री पाणी प्यायला खाली निघालो. अमेरिकेतली घरंही लाकडाचीच. तिसरी पायरी वाजली. मी दोन्ही हातांनी कठडा धरला.

"बाबा," खालून जावयाचा आवाज आला, "लाकूड आहे, वाजणारच."

"हो, हो," मी म्हणालो, आणि कठडा न सोडता तिथेच पायरीवर बसलो.