व्यसनी न म्हणवता व्यसन कसं टिकवावं

दारूचं व्यसन जडायला फारशी अक्कल लागत नाही. ते जडलेलं असताना ‘तसं काही नाहीच’ असं स्वतःला, घरच्यांना आणि डॉक्टरांना वर्षानुवर्षं पटवत राहणं, ही मात्र साधना आहे. तिची सुरुवात सोपी आहे. तुमच्यापेक्षा जास्त पिणारा एक माणूस कायम नजरेसमोर ठेवा. तो गटारात पडतो, तुम्ही पडत नाही. त्याची नोकरी गेली, तुमची आहे. दारुडा म्हणतात तो त्याला. हा माणूस मध्येच वारला तर घाबरू नका, पण जागा फार दिवस रिकामी ठेवू नका. नाहीतर तिच्यावर लोक तुम्हाला बसवतील.

मोजमापाच्या भानगडीत अजिबात पडू नका. ४० टक्के अल्कोहोलच्या दारूचा ३० मिलीचा पेग म्हणजे १२ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण साडेनऊ ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरचा अर्ध्या लिटरचा कॅन म्हणजे ४० मिली, एकतीस-बत्तीस ग्रॅम. म्हणजे एका कॅनमध्ये तीन पेग बसतात आणि वर थोडी जागा उरते. हे गणित एकदा डोक्यात शिरलं की ‘मी आपली फक्त बिअर घेतो’ हे वाक्य तोंडातून पूर्वीच्या सहजतेने निघत नाही, म्हणून ते शिरूच देऊ नका. घरी ओतताना मापाचा पेला वापरायचा नाही. बाटलीतून थेट, नजरेच्या अंदाजाने. हात जरा सैल राहिला की तिसाचे पन्नास होतात आणि हिशेब मात्र ‘दोनच घेतले’ एवढाच राहतो.

‘जबाबदारीने प्या’ हा सल्ला मनापासून पाळा. त्यात किती मिली ते लिहिलेलं नसतं, हीच त्याची खुबी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्टच सांगून टाकलं की आरोग्याला सुरक्षित म्हणावी अशी दारूची कुठलीही मात्रा नाही. असलं काही बाटलीवर छापायला लागले तर धंदा कसा चालायचा? सणावारी ओठ ओले करणाऱ्यांवर कारखाने चालत नसतात. खपाचा मोठा वाटा भरपूर पिणारे थोडे लोकच उचलतात. तुमचं स्थान ओळखा.

यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निपटतं. कडक कॉफी, गार पाण्याची अंघोळ, लिंबू, उलटी, यांतल्या कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री नऊ ते बारा आठ पेग घेतलेल्या माणसाच्या रक्तात सकाळी सहा-सात वाजताही दारू असू शकते. पण तुम्ही झोप काढलेली असते, दात घासलेले असतात, इस्त्रीचा शर्ट घातलेला असतो. गाडीची किल्ली घ्यायला आणखी काय हवं?

आता अभिमानाचा विषय. ‘आपल्याला चढत नाही’ हे चारचौघांत जरूर सांगा. दारू मेंदूतली शांत करणारी, गाबा या रसायनाची यंत्रणा जोरात चालवते आणि उत्तेजित करणारी, ग्लुटामेट या रसायनाची यंत्रणा दाबून ठेवते. रोज संध्याकाळी हेच होणार असं दिसलं की मेंदू आपल्या परीने बंदोबस्त करतो: गाबाला दाद देणं कमी, ग्लुटामेट टिपणारे रिसेप्टर जास्त. मग चार पेगांवरही तुम्ही शुद्धीत असता आणि शून्य पेगांवर थरथरता. यालाच आपल्याकडे ‘पचवणं’ म्हणतात. प्रत्यक्षात सवय झालेली असते ती मेंदूला. यकृताला, अन्ननलिकेला, हृदयाच्या स्नायूला अशी सवय होत नाही. त्यांना आठ पेग म्हणजे आठच पेग. लवकर चढणारा माणूस तिसऱ्या पेगला आडवा होऊन सुटतो. न चढणाऱ्याला ती सोय नाही.

नियम करा, भरपूर करा. फक्त शनिवार-रविवार. शुक्रवारची रात्र बारानंतर शनिवारच असते, आणि बारा वाजेपर्यंत नुसतं बसून कोण राहणार. अंधार पडल्याशिवाय नाही. ढगाळ दिवशी अंधार लवकर पडतो. एकट्याने नाही, मित्र फोनवर असला तरी तो मित्रच. व्हिस्की बंद, फक्त वाईन. मग वाईनची बाटली एका बैठकीत. ज्याचं दारूशी काही अडलेलं नसतं त्याला असले नियम सुचतच नाहीत, असं कुणी म्हणालंच तर आपण शिस्तीचे आहोत असं सांगा. वर्षातून एकदा महिनाभर बंदही ठेवा. तीस दिवस बोटांवर मोजा आणि एकतिसाव्या संध्याकाळी ‘बघा, सोडून दाखवली’ याचा आनंद साजरा करा. कशाने, ते वेगळं सांगायला नको.

डॉक्टर लोकांचे निकष मात्र चिवट असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत अवलंबित्वाची सहा लक्षणं दिली आहेत: अनावर ओढ, सुरुवात-शेवट-प्रमाण यांवरचा ताबा सुटणं, बंद केल्यावर त्रास, वाढत गेलेली सहनशक्ती, बाकीचे छंद-कामं मागे पडणं, आणि नुकसान दिसत असूनही पीत राहणं. वर्षभरात यांतली तीन एकत्र दिसली की निदान झालं. दारू कुठली, देशी की परदेशी, बसून की उभ्याने, घरी की बारमध्ये, याचा त्यात उल्लेखसुद्धा नाही. किती पेग हेही ठरवून दिलेलं नाही. म्हणजे तुम्ही इतकी वर्षं तयार केलेले सगळे युक्तिवाद एका फटक्यात बाद. म्हणून ही यादी वाचू नये. चुकून वाचलीत तर शेजाऱ्याला लावून पाहा, लगेच जुळते.

सकाळची वेळ जरा सांभाळायची असते. शेवटच्या पेगला आठ-दहा तास उलटले की बोटांना कंप सुटतो. कप दोन्ही हातांनी धरा, अर्धाच भरायला सांगा. दाढी संध्याकाळी करा. बँकेत सही जुळत नाही म्हणून कागद परत आला तर पेनाला दोष द्या. नाहीतर सरळ उतारा घ्या: एक छोटा पेग, आणि दहा-पंधरा मिनिटांत सही वळणदार. हा उतारा म्हणजे औषध आहे असं तुम्हाला वाटेल, आणि गंमत म्हणजे ते बरोबरच आहे. कालच्या दारूने केलेला आजार आजच्या दारूने तासाभरापुरता थांबतो. तपासणीसाठी जगभर चार प्रश्न विचारतात, १९८४ पासून प्रसिद्ध आहेत: कमी करावी असं कधी वाटलं का, लोक बोलले की राग येतो का, अपराधी वाटतं का, आणि सकाळी उठल्या उठल्या लागते का. दोन ‘हो’ आले की पुढची चौकशी सुरू होते. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर चिडू नका. बहुतेक जण तिथेच सापडतात.

डॉक्टरांना ‘ऑकेजनली’ म्हणा. ते प्रसंग किती आणि कुठले, हे विचारायला त्यांना वेळ नसतो. यकृताची एन्झाइम्स बिघडलेली, म्हणजे जीजीटी वाढलेलं, एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीवर, लाल पेशींचा आकार दाखवणारा एमसीव्ही शंभरावर, असा रिपोर्ट आला तर तो फाइलच्या तळाशी सरकवा. रक्तदाबाची गोळी वाढवून घ्या, झोपेची मागा. दारूने डोळा लवकर लागतो हे खरंच आहे. रात्रीच्या दुसऱ्या भागात झोप तुकड्यातुकड्याने मोडते आणि तीन-चार वाजता छातीत धडधडत जाग येते, त्याचं खापर ऑफिसवर फोडता येतं. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉलवर पॅरासिटामॉल घ्या. रोज पिणाऱ्याच्या यकृतात त्यापासून विषारी घटक जास्त बनतो आणि तो निकामी करणारं ग्लुटाथायोन आधीच खर्ची पडलेलं असतं, ही बाब दुर्लक्षच करण्यासारखी.

यकृताचा स्वभावही तुमच्या मदतीला येतो. ते दुखत नाही. आधी चरबी साचते, आणि या टप्प्यावर दारू थांबवली तर काही आठवड्यांत ती उतरते. म्हणजे याच टप्प्यावर थांबायचं नाही. पुढे सूज, मग चट्टे, मग सिरॉसिस. पोट पाण्याने तट्ट आणि हातपाय काड्या झाले की लोक ‘तब्येत सुटलीय’ असं आता म्हणत नाहीत. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून एका उलटीत भांडंभर रक्त पडतं. कर्करोगाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत अल्कोहोल १९८८ पासून पहिल्या गटातलं, म्हणजे माणसात कर्करोग करतं हे सिद्ध झालेल्यांतलं. तंबाखूही त्याच गटात बसते. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं, स्त्रियांमध्ये स्तन; यादी लांब असल्यामुळे नेमकं कशाची भीती बाळगावी ते कळत नाही आणि मन शांत राहतं. २०१९ मध्ये जगात दारूमुळे सुमारे २६ लाख माणसं गेली. त्यांतले कित्येक रस्त्यावर दुसऱ्याच्या गाडीखाली गेले, स्वतः थेंबही न घेता.

आणि मग एके दिवशी घरचे ठरवतात की आजपासून बंद, खोलीला बाहेरून कडी. इथे उपरोध बाजूला ठेवतो, कारण इथे माणसं मरतात. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम, डॉक्टरांशिवाय, घरच्या घरी बंद करू नये. पहिल्या दिवशी कंप, घाम, उलट्या. सहा ते अठ्ठेचाळीस तासांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी प्रलाप: भिंतीवर किडे दिसणं, माणसं न ओळखणं, ताप, नाडी बेफाम. रुग्णालयात यावर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम ही मेंदूला शांत करणारी औषधं देऊन त्यांची मात्रा रोज थोडी उतरवतात, आणि सलाइनमधून ग्लुकोज चढवण्याआधी थायमिन, म्हणजे बी-१, टोचतात. बी-१ संपलेल्या मेंदूला नुसतं ग्लुकोज दिलं तर वर्निकचा आजार उफाळू शकतो: डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल लडखडते, भान जातं. तेही हुकलं की कोर्साकॉफ. त्यात माणूस नवं काही लक्षात ठेवू शकत नाही आणि मधल्या भोकांत न घडलेल्या गोष्टी बेमालूम भरून सांगतो. खोटं बोलत नसतो. त्याला तशाच आठवत असतात.

आता परत मूळ मुद्द्यावर. घरच्यांच्या सहकार्याशिवाय एवढी मजल मारता येत नाही. साहेबांना ‘ताप आलाय’ असा फोन बायकोने करायचा. उधारी भावाने फेडायची. ओकारी आईने पुसायची, तुम्हाला सकाळी काही दिसता कामा नये. मुलांना दाराच्या कुलपात किल्ली कशी फिरते यावरून आजची रात्र कशी जाणार हे ओळखता यायला हवं; ती शिकतात, शिकवावं लागत नाही. आणि फारच त्रास झाला तर कुणीतरी सांगतं म्हणून जेवणात गुपचूप गोळी मिसळायची. ती बहुधा डायसल्फिरामची असते. कोपनहेगनमध्ये १९४० च्या दशकात तिचा हा गुण लक्षात आला: ती घेतलेल्याने दारू प्यायली की शरीरात अॅसिटाल्डिहाइड साचतं, चेहरा लाल, उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळतो. माणसाला सांगून, त्याच्या मर्जीने, हृदय-यकृत तपासून दिली तर ती उपचार असते. न सांगता दिली तर तो विषप्रयोग, आणि वर विश्वास गेला तो गेलाच.

उपचार घ्यायचेच असतील तर अर्धे घ्या. सात-दहा दिवस भरती झालात, कंप थांबला, की बरे झालो असं जाहीर करून बाहेर पडा. खरं काम तिथून सुरू होतं असं म्हणणाऱ्यांना बिलं वाढवायची असतात. नाल्ट्रेक्सोनने पिण्यातली मजा ओसरते आणि अकॅम्प्रोसेटने ओढ मंदावते, तेव्हा त्या गोळ्या दुसऱ्या आठवड्यात विसरा. समुपदेशकाला मोजक्या तक्रारी सांगा, सगळ्या बायकोबद्दलच्या. १९३५ पासून चालत आलेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या आपापसातल्या गटाच्या सभेला जाऊ नका: तिथे फी घेत नाहीत, आडनाव विचारत नाहीत, आणि तुमची प्रत्येक सबब तिथल्या निम्म्या लोकांनी आधी वापरलेली असते, त्यामुळे तिचं काही मोल येत नाही. घरच्यांना अल-अॅनॉनला, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच्या गटाला, तर मुळीच पाठवू नका. तिथे त्या माउलीला कळतं की साहेबांना फोन करणं हे तिचं काम नाही.

सहा महिने कोरडे गेल्यावर एखाद्या लग्नात हातात ग्लास येईल. एकाने काय होतंय म्हणून घ्या. पचवण्याची ताकद मधल्या काळात उतरलेली असते, अवलंबित्व मात्र जिथे सोडलं होतं तिथे काही दिवसांत परत येतं. जे जमायला पहिल्यांदा वर्षं लागली ते आता आठवड्याचं काम. त्या पहिल्या ग्लासानंतरच कुणाला फोन करून ‘घसरलो’ असं सांगितलं तर गाडी तिथेच थांबू शकते, आणि बऱ्याच जणांची थांबतेही. म्हणून तसं करायचं नाही. ‘आता काय, सगळं मुसळ केरात’ असं म्हणा, बाटली जवळ ओढा आणि समुपदेशकाचा नंबर आधी ब्लॉक करा.