काका म्हणतात, ज्यूंकडून शिका

२०२५ च्या जानेवारीत 'छावा'चा ट्रेलर आला, त्यात संभाजी महाराज लेझीम खेळताना दाखवले म्हणून गदारोळ झाला आणि शेवटी दिग्दर्शकाने तो तुकडाच काढून टाकला, हे आठवत असेल. आमच्या फॅमिली ग्रुपवर तेव्हा चार दिवस दुसरं काही नव्हतं. मी मेलबर्नहून एकच ओळ टाकली की राजा लेझीम खेळला तर एवढं काय आभाळ कोसळतं, तर काकांचा व्हॉइस मेसेज आला, तीन मिनिटांचा. त्यातलं शेवटचं वाक्य असं: "तू तिकडे ज्यूंच्या मोहल्ल्यात राहतेस ना, त्यांच्याकडून शिक जरा. एवढं सोसलं त्यांनी, पण आपल्या इतिहासाची चेष्टा करतो का त्यांच्यातला कोणी?"

काका, करतो. लय करतो. मी तेव्हा उत्तर दिलं नाही कारण इकडे रात्रीचे साडेबारा झाले होते, पण ते डोक्यात राहिलंच, म्हणून हे.

मी कॉलफिल्डला राहते. मेलबर्नच्या या भागात दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून वाचून आलेले ज्यू खूप मोठ्या संख्येने स्थायिक झाले, इतके की इस्रायल सोडलं तर लोकसंख्येच्या मानाने इथे सगळ्यात जास्त सर्व्हायव्हर्स आले असं इथले लोक अभिमानाने सांगतात. जवळच एल्स्टर्नविकला होलोकॉस्टचं, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचं म्युझियम आहे, १९८४ मध्ये सर्व्हायव्हर्सनीच सुरू केलेलं, वर्षानुवर्षं तेच म्हातारे-म्हाताऱ्या शाळेच्या पोरांना समोर बसवून स्वतःची गोष्ट सांगायचे. म्हणजे काकांना हवा तो आदर, गांभीर्य, सगळं इथे आहेच.

आणि याच शहरात १९९८ मध्ये यिडकोर नावाचा पंक बँड निघाला. यिडिश (युरोपातल्या ज्यूंची भाषा) आणि हार्डकोर (पंकचाच अजून कर्कश प्रकार), त्यावरून यिडकोर. लग्नात-सणात वाजणारी जुनी ज्यू गाणी घ्यायची आणि ती अशा स्पीडने बडवायची की आजीला कळूच नये आपलंच गाणं चाललंय. 'फिडलर ऑन द रूफ' या म्युझिकलची गाणी घेऊन त्यांनी अख्खा अल्बम केला. आपल्याकडे कोणी 'कट्यार'ची सगळी पदं किंचाळत डिस्टॉर्शनवर वाजवली तर काय होईल, तसं. स्टेजवरून लोकांवर हमस, म्हणजे छोल्यांची चटणी, फेकायचे. ज्यूंमध्ये एक जुना जोक आहे की आमच्या सगळ्या सणांची गोष्ट एकच: त्यांनी आम्हाला मारायचा प्रयत्न केला, जमलं नाही, चला जेवूया. तर या पोरांनी तेच एका अल्बमचं नाव ठेवलं. आता सांगा काका.

बँडचा गायक ब्रॅम प्रेसर. शिक्षणाने वकील. त्याचे आजोबा, यान रांडा (आडनावावर हसू नका, चेक आहे), प्रागहून आधी तेरेझीनच्या आणि मग आउश्विट्झच्या छावणीत नेलेले, त्यातून वाचून इथे आलेले, आणि असल्या बहुतेक आजोबांसारखे त्याबद्दल गप्प. ते गेल्यानंतर एका ज्यू पेपरात छापून आलं की हे गृहस्थ नाझींच्या 'नामशेष वंशाच्या संग्रहालया'साठी पुस्तकं निवडत होते. म्हणजे ज्यू संपवून झाल्यावर त्यांच्या वस्तू काचेत ठेवायच्या, अशी ती योजना असं सांगितलं जातं. प्रागच्या ज्यू म्युझियममध्ये युद्धाच्या काळात बोहेमिया-मोराव्हियाच्या गावागावातून लुटलेल्या लाखभर वस्तू जमा झाल्या हे खरंच आहे, त्यांच्या याद्या करायला ज्यू तज्ज्ञच बसवले होते आणि याद्या झाल्यावर त्यातल्या बहुतेकांनाही छावणीत पाठवलं हेही खरं, पण ते 'नामशेष वंश' हे नाव मात्र युद्धानंतर रूढ झालेलं दिसतं. तेरेझीनमध्येही एक गट होता, तालमूडकमांडो म्हणायचे त्याला, लुटून आणलेल्या हिब्रू ग्रंथांची वर्गवारी करायला लावलेले पंडित लोक. तर एका घरची दंतकथा, वर एक सगळ्यांना ऐकून माहीत असलेली दंतकथा, आणि खाली कुठेतरी खरा कागद.

इथे आपल्याकडच्या नातवाने काय केलं असतं? पेपराचं कात्रण लॅमिनेट केलं असतं. मीही केलं असतं. या माणसाने, ज्याने दहा वर्षं स्टेजवरून हमस फेकलं होतं, त्याने विचारलं, की हे खरंय का? आणि मग कित्येक वर्षं अर्काइव्ह्ज, जुने कागद, त्या गावांमध्ये हिंडणं, आणि शेवटी २०१७ मध्ये कादंबरी, 'द बुक ऑफ डर्ट'. तिच्यात फोटो आहेत, कागदपत्रं आहेत, आजोबा-आजी खऱ्या नावाने आहेत, आणि तरी ती कादंबरी आहे, कारण जिथे कागद संपला तिथे त्याने सरळ रचलं, आणि मी रचतोय हे सांगून रचलं. आजोबा पुस्तकं चाळत असताना एक प्रार्थनेचं पुस्तक निघतं, आतून पोखरलेलं, आणि आत मूठभर माती. प्राग म्हटलं की तिथल्या लोकांना गोलेम आठवतोच, दंतकथेतला मातीचा माणूस, ज्यूंना वाचवायला एका रब्बीने, म्हणजे ज्यू धर्मगुरूने घडवलेला. असं झालं असेल का? नाही झालं. आणि वाचताना तुम्हालाही माहीत असतं की नाही झालं.

मला तरी पुस्तकातला आजोबांपेक्षा आजीकडचा भाग जास्त लागला. पणजी, फ्रांतिष्का, मूळची ख्रिश्चन, लग्नापायी ज्यू झालेली, आता नवरा तर धड नाही पण पोरी ज्यू म्हणून छावणीत चालल्यात, आणि ही मागे शहरात राहून त्यांना जगवायला धडपडतेय. तिच्यावर कोणी पेपरात लेख लिहिला नव्हता.

आता काका म्हणतील, म्हणजे आजोबांबद्दल वाटेल ते लिहायची सूट. तर तसं नाही, आणि याचंही उदाहरण ऑस्ट्रेलियातलंच आहे. १९९५ मध्ये इथलं सगळ्यात मानाचं माइल्स फ्रँकलिन पारितोषिक हेलन डेमिडेंको नावाच्या पोरीला मिळालं, वय पंचवीसच्या आत. कादंबरी होती नाझींना सामील झालेल्या युक्रेनी लोकांबद्दल, आणि ती सांगायची की हे माझ्या युक्रेनी घरातलं, वडिलांकडून ऐकलेलं. बक्षीस घ्यायला वगैरे युक्रेनी भरतकामाचे ब्लाऊज घालून जायची म्हणे. ज्यू लोक आधीपासून ओरडत होते की हे पुस्तक मारेकऱ्यांची बाजू घेतंय, तर साहित्यवाले सांगत होते, अहो तिच्या घरचा अनुभव आहे तो. आणि ऑगस्टमध्ये पेपरने उघड केलं की ती डेमिडेंको नाहीच, हेलन डार्व्हिल, आईबाप इंग्लंडहून आलेले. युक्रेनचा संबंध शून्य.

मला या दोन पुस्तकांमधला फरक फार महत्त्वाचा वाटतो. तिने कल्पना केली हा गुन्हा नव्हता, कादंबरीच होती ती. तिने आजोबा उसने आणले, आणि मग त्या उसन्या आजोबांच्या जोरावर लोकांची तोंडं बंद केली. प्रेसरचे आजोबा अस्सल होते आणि तरी त्याने त्यांचा असा दंडुका केला नाही. आपल्याकडची भांडणं मी इथून बघते तेव्हा वाटतं, आपण कायम चुकीच्या जागी तपासतोय, की कल्पना किती टक्के आणि इतिहास किती टक्के, लेझीम होती की नव्हती. आणि घराघरात, वाड्यावाड्यात डेमिडेंको बसलेत त्यांना कोणी विचारत नाही. २००४ च्या जानेवारीत भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तेव्हा इतिहासाच्या प्रेमापोटी इतिहासाचीच हस्तलिखितं फाडली, त्यातल्या किती जणांनी आयुष्यात एखादं हस्तलिखित मागवून वाचलं असेल? श्रद्धेवाल्याला अर्काइव्हमध्ये जायची गरजच पडत नाही ना, त्याला उत्तर आधीच माहिती असतं.

पंकचं म्हणाल तर ज्यूंचा आणि पंकचा संबंध मेलबर्नच्या पोरांपासून सुरू होत नाही. न्यूयॉर्कचा सीबीजीबी क्लब, जिथे हे सगळं उकळलं, तो १९७३ मध्ये काढणारा हिली क्रिस्टल ज्यू. तिथल्याच रमोन्स या पंक बँडचा गायक जोई रमोन म्हणजे क्वीन्सचा जेफ्री हायमन. त्यांचा ड्रमर टॉमी रमोन मूळ तमाश एर्देई, जन्म १९४९, बुडापेस्ट, आईवडील होलोकॉस्टमधून वाचलेले, बाकी बरेच नातेवाईक गेलेले. आणि याच बँडच्या सुरुवातीच्या गाण्यांत नाझी-बिझी शब्द जोक म्हणून येतात. नंतर १९८५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन जर्मनीत बिटबुर्गच्या स्मशानभूमीत गेले, जिथे हिटलरच्या एसएस दलाचे सैनिकही पुरलेत, तेव्हा जोई खवळला आणि गाणं आलं. त्यांचाच गिटारिस्ट जॉनी कट्टर रेगनवाला, त्याला रेगनची टर उडवणारं गाण्याचं नाव झेपेना, म्हणून अल्बममध्ये ते बदलावं लागलं. काका, बघा, त्यांच्याही ग्रुपवर भांडणं होतीच.

पण त्याआधी सत्तरच्या दशकात लंडनमध्ये सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा सिड व्हिशस स्वस्तिकाचा टी-शर्ट घालून फिरत होता, आणि त्याच्यामागे ना बुडापेस्ट होतं ना काही, नुसतं म्हाताऱ्यांना चिडवायचं. क्लीव्हलंडहून न्यूयॉर्कला आलेल्या डेड बॉइज बँडलाही ते खूळ होतं. त्यांचा १९७७ चा पहिला अल्बम प्रोड्यूस केला गेन्या राव्हनने, ती १९४० मध्ये पोलंडच्या वूचमध्ये जन्मलेली, लहानपणी त्या सगळ्यातून वाचून आलेली, आणि ती सांगते की तिने त्या पोरांना ती चिन्हं आधी काढायला लावली. मग रेकॉर्ड केलं, आणि अल्बम जबरी झाला. चेष्टा कोण कोणाची करतोय हे बघावंच लागतं, यात मला पंकवाल्यांची काही मोठी बाजू घ्यायची नाहीये.

स्वस्तिकावरून आठवलं. इथे आल्यावर पहिली सेकंडहँड कोरोला घेतली तेव्हा आईने व्हिडिओ कॉलवर पूजा करून घेतली, बॉनेटवर कुंकवाचं हे मोठं स्वस्तिक. आणि मी बावळट तशीच गाडी घेऊन कार्लाइल स्ट्रीटला, बेकरीसमोर पार्क केली, शुक्रवारची दुपार, सगळे शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाचा चल्ला ब्रेड घ्यायला आलेले. बाहेर आले तर एक पन्नाशीचा माणूस, डोक्यावर किप्पा (ज्यूंची छोटी गोल टोपी), गाडीजवळ उभा. ओरडला नाही. म्हणाला, हिंदू असाल ना, मला कळतंय, पण माझी आई आत आहे, दोन मिनिटांत बाहेर येईल. मी पिशवीतल्या पाण्याच्या बाटलीने आणि ओढणीने पुसलं. पुढे २०२२ मध्ये व्हिक्टोरियाने नाझी चिन्ह जाहीरपणे दाखवण्यावर बंदी घातली, त्यात हिंदू-बौद्ध-जैन स्वस्तिकाला सूट आहे, म्हणजे कायद्याने मला आजही कोणी अडवू शकत नाही. आता डिकीच्या आतल्या बाजूला काढते. ग्रुपवर हे सांगितलं तर निम्म्यांनी "तू का पुसलंस" म्हणून झापलं. याच ग्रुपवरच्या एकाच्या शोकेसमध्ये हिटलरच्या 'माझा लढा'ची मराठी प्रत आहे, "शिस्त शिकावी तर याच्याकडून". आणि ज्यूंकडूनही शिकायचंय. २००६ मध्ये नवी मुंबईत हिटलरच्या नावाचं रेस्टॉरंट निघालं होतं, मुंबईतल्या ज्यूंनी आवाज उठवल्यावर नाव बदललं, तेव्हाही आपल्यातल्या बऱ्याच जणांना प्रश्न पडला होता की यात एवढं काय.

बरं, आता मुद्द्याचं, कारण काका का चिडलेत ते लेझीम नाहीये. दोन वर्षांपूर्वी मी एका दिवाळी अंकात कथा लिहिली. आमच्या घरची गोष्ट अशी की आजोबा पत्री सरकारात होते, ७ जून १९४३ ला शेणोलीला पगाराची रेल्वे लुटली त्यात होते, आणि पुढे स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन त्यांनी स्वाभिमानाने नाकारली. लहानपणापासून ऐकलेली, शाळेत निबंधात लिहून बक्षीस मिळवलेली गोष्ट. मग आजोबांचा शाळेचा दाखला हाती लागला, जन्म १९३१. म्हणजे लुटीच्या वेळी बारा वर्षांचे. काका म्हणाले, तेव्हा मास्तर वय वाट्टेल ते लावायचे. तेही खरंच आहे, आमच्या गावातली निम्मी माणसं १ जूनला जन्मलीत. तर मी कथेत एक बारा वर्षांचा पोरगा लिहिला जो लुटीला जातच नाही, झोपून राहतो, आणि पुढे आयुष्यभर गेलो होतो म्हणून सांगतो. नाव बदललं, गाव बदललं. काकांनी आठ महिने फोन उचलला नाही. "बापाला खोटं पाडलंस, तेही तिकडे बसून."

तिकडे बसून, हे लागलं, कारण खरं आहे. इथे बसून लिहिणं सोपं असतं, कोणी दारात येऊन उभं राहत नाही. प्रेसरला मात्र त्याच शहरात, त्याच सिनेगॉगवाल्यांत, त्याच नातेवाइकांत राहायचं होतं. एवढं काकांच्या बाजूने.

यंदा गणपतीत आत्याशी बोलणं झालं, तिने कथा आत्ता वाचली. म्हणाली, दादा (म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा) गेला होता का नव्हता मला नाही माहिती, पण माझी आजी सांगायची, त्या दिवसांत आपल्या गोठ्यात दोन माणसं लपायला होती आणि तिने दोन रात्री भाकऱ्या थापून दिल्या, सासऱ्याला कळू न देता. मी म्हटलं, अगं मग हे कोणीच कसं कधी सांगितलं नाही? तर म्हणे, भाकऱ्यांचं काय सांगायचं.

मी ते ग्रुपवर टाकलं. काकांनी सहा महिन्यांत पहिल्यांदा मला सरळ उत्तर दिलं: दोन नाही, तीन माणसं होती, आईने मला तीन सांगितलंय. आत्या म्हणते दोनच. अजून चालू आहे.