सासूबाईंना डेब्रा आवडत नाही

'एव्हरीबडी लव्ह्ज रेमंड' ही अमेरिकन मालिका १९९६ ते २००५ अशी नऊ सीझन चालली. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर रेमंड बॅरोन हा क्रीडा पत्रकार बायको डेब्रा आणि तीन मुलांसह राहतो आणि रस्त्याच्या पलीकडे, बरोब्बर समोर, त्याचे आईवडील. संपलं कथानक. एवढ्यावर त्यांनी २१० भाग काढले. तिकडे लोक म्हणे हसून लोळायचे. आमच्या जुळे सोलापुरात याला नुसतं शेजार म्हणतात.

पेठेतलं घर सोडून आम्ही इकडे आलो ते जरा सुटसुटीत राहायला. वर्षाच्या आत समोरचं रो हाऊस विकायला निघालं, आणि ही बातमी आमच्याआधी सासूबाईंना कळली. आता नळाला पाणी यायच्या दिवशी आमची मोटर सुरू झाली नाही, की सासरे गॅलरीतून ओरडतात, "झोपलास का बे?" 'बे' मुलाला असतो. जागी मी होते.

मालिकेतली सासू, मरी, न विचारता घरात शिरते, डेब्राच्या स्वयंपाकाला नाक मुरडते आणि स्वतःच्या हातचं काहीतरी ओट्यावर ठेवून जाते. एका भागात ती डेब्राला मीटबॉल शिकवते, पण मसाल्याच्या बाटलीवरचं लेबल बदलून. म्हणजे सगळं कृतीबरहुकूम करूनही चव काही येऊ नये. मला माझी शेंगाचटणी आठवली. भाजलेले दाणे, लसूण, जिरं, मीठ, तिखट, सगळं आईंनी सांगितलं तसं घेतलं आणि मिक्सरमधून कोरडा भुसा निघाला. त्यांची चटणी लालबुंद, तेल सुटलेली, बोटांनी दाबली की गोळा होणारी. ती उखळात कुटायची असते, हे मला पलीकडच्या गल्लीतल्या मावशींनी सांगितलं.

तेव्हा तो भाग आईंना मुद्दाम दाखवायचा ठरवला. थोडी तरी शरम वाटेल, ही माफक अपेक्षा. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी शेजारी बसून सांगत होते. (मीटबॉलला मी 'कोफ्ते' म्हणाले, कारण सासरे माळकरी आहेत.) आई शेवटपर्यंत एकटक बघत होत्या. मग म्हणाल्या, "लेबलं बदलायचा खटाटोप कशाला? एखादी गोष्ट सांगायची विसरायची."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता दोघंही हजर, स्वतःच्या उशा घेऊन. सासऱ्यांना रेमंडचा बाप फ्रँक भलताच पसंत पडला. जेवून पँटचं बटण सैल करून खुर्चीत पडतो आणि कुणाचंच ऐकत नाही. "माणूस सरळ आहे," असा निकाल लागला. आईंच्या मते मरी बिचारी राबराब राबते आणि सून कशालाच हात लावू देत नाही. नवऱ्याला विचारलं तर तो रेमंडसारखाच, दोन्ही बाजूंना हो म्हणून गच्चीवर जातो.

२०१५ साली या मालिकेचा हिंदी अवतार स्टार प्लसवर आला होता, 'सुमित संभाल लेगा'. त्यातली आई भारती आचरेकरांनी केली होती. नवऱ्यानं सुचवलं, आपण तोच लावू, सगळ्यांना कळेल. मी साफ नाही म्हणाले. हिंदी आईंना उत्तम कळतं, मग भाषांतराची सोय उरली नसती.

कारण एव्हाना मी डेब्राच्या तोंडी थोडं थोडं माझंही घालायला लागले होते. परवा ती मरीकडे बघून काहीतरी पुटपुटली. मी संधी साधली, "ती म्हणतेय, येण्याआधी एक फोन करत जा, माझे डबे हलवू नका, आणि मुलांना जेवायच्या तोंडावर भजी देऊ नका."

आईंनी चष्मा पदरानं पुसून पुन्हा लावला.

"भजी म्हणाली?"

"तशाच अर्थाचं काहीतरी."

"तोंड तर दोनदाच हललं तिचं." त्यांनी हात पुढे केला. "तो रिमोट दे इकडं. आणि मागं कसं घ्यायचं, तेवढं शिकव."