‘शेजाऱ्यांच्या सह्यांपायी अडीच महिने वाया’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

काका, नमस्कार.

साइटवर तुम्हाला काकाच म्हणत आलो, इथेही तेच म्हणतो. तुम्ही दिलेला एक तारा आणि खालचा मजकूर दोन-तीनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. पेठेतल्या तुमच्या जुन्या घराचा कडीपाट, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचं छत, काढून स्लॅब टाकायचा होता. भिंत तुमच्या बाजूने तुमचीच, महापालिकेची परवानगी हातात, आम्हाला ॲडव्हान्स पोचलेला. तरी शेजाऱ्यांच्या सह्यांसाठी आम्ही अडीच महिने काम थांबवलं आणि तुमच्यावर भाड्याच्या घराचा भुर्दंड पडला. दुसऱ्या ठेकेदाराने दोन दिवसांत भिंतीत बीम टेकवायच्या खोबणी पाडून दिल्या असत्या. मुलाकडे इंग्लंडमध्ये अशी अडवणूक नसते, असंही तुम्ही लिहिलंय.

यातली एक तक्रार पूर्ण खरी आहे, ती आधी मान्य करतो. पहिल्या भेटीत ‘तीन आठवड्यांत काम सुरू करू’ असं मी म्हणालो, आणि तेव्हा मी भिंतीची पलीकडची बाजू बघितलेली नव्हती. माझ्या त्या शब्दावर तुम्ही घर भाड्याने घेतलंत, सामान हलवलंत. पेठेत काम करणाऱ्या माणसाने आधी शेजारच्या घरात जाऊन वर बघायला हवं आणि मगच तारीख सांगायला हवी. मी उलट केलं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण सह्या होईपर्यंत भिंतीला हात लावला नाही, याबद्दल माफी मागू शकत नाही. त्याचं कारण त्या भिंतीच्या पोटात आहे.

ती भिंत दोन घरांत मिळून एकच आहे. दोन फूट जाड, दोन्ही तोंडांना विटा आणि मधे मातीत बसवलेली दगड-विटांच्या तुकड्यांची भर. तुमच्या बाजूचा गिलावा आम्ही हातभर उकलला तेव्हा आतली माती बोटाने निघत होती. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा या घरात पाणी कुठवर चढलं होतं, ते तुम्हीच मला भिंतीवर हात ठेवून दाखवलं होतंत. ज्या भिंतीने ते पाणी पिऊन वाळवलं, तिच्यावर ब्रेकर चालवताना हात कापतो.

मग मी पलीकडे गेलो. त्यांच्या कडीपाटाच्या तुळयांची टोकं याच भिंतीत आहेत, आणि आपल्याला जिथे खोबणी पाडायच्या होत्या त्याच्या जवळजवळ समोरासमोर. त्यांची तुळई साधारण नऊ इंच आत. आपल्या बीमला टेकायला नऊ इंच हवेत. चोवीस इंचांतून दोन्ही वजा केले की मधे उरते सहा इंच सैल माती. त्या तुळईखाली एका आजींची कॉट आहे. काका, त्या खोलीत उभा राहून मी वर बघितलं, तेव्हाच ‘दोन दिवसांत खोबणी’ हा विषय माझ्यापुरता संपला.

दुसरा मार्ग मी तुमच्यासमोर ठेवला होता, त्याचा उल्लेख अभिप्रायात राहून गेलाय. भिंतीवर भार न टाकता तिच्या अलीकडे लोखंडी खांब उभे करून स्लॅब त्यांवर घ्यायचा. त्यात खोलीची रुंदी दहा इंच गेली असती, ती तुम्हाला नको होती. तुमचं बरोबरच होतं, खोली मुळात लहान. पण खांबांसाठीसुद्धा भिंतीच्या बुडाशी खणावं लागलंच असतं. म्हणजे शेजाऱ्यांशी बोलणं त्याही वाटेने टळत नव्हतं, फक्त भिंत फोडायची परवानगी लागली नसती.

‘भिंत माझ्या बाजूने माझीच’ हे मला दर दुसऱ्या कामावर ऐकायला मिळतं, म्हणून त्यावर थोडं सविस्तर लिहितो. तुमच्या जुन्या खरेदीखतातल्या चतुःसीमेतच ‘सामाईक भिंतीसह’ असं लिहिलेलं आहे. सामाईक भिंत मधोमध चिरून निम्मी-निम्मी होत नाही, अख्ख्या भिंतीत दोघांचा हक्क असतो. शिवाय १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे, आपल्या भागात तो १८९१ पासून लागू आहे. एका मिळकतीला शेजारच्या जमिनीचा किंवा बांधकामाचा आधार हक्काने, शांतपणे, सलग वीस वर्षं मिळत आला असेल, तर तो आधार तिचा पक्का हक्क होतो. ही घरं तर कित्येक पिढ्या एकमेकांना खांदा देऊन उभी आहेत. आणि महापालिकेची परवानगी म्हणजे शेजाऱ्याची संमती नव्हे. महापालिका नकाशा आणि नियम बघते, भिंतीतल्या हक्काचा निवाडा ती करत नाही.

इंग्लंडचं म्हणाल, तर तिथे उलट स्थिती आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये सामाईक भिंतींसाठी १९९६ चा वेगळा कायदाच आहे, तो १ जुलै १९९७ पासून लागू झाला. सामाईक भिंतीत बीम बसवायचा तर कामाच्या किमान दोन महिने आधी शेजाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते. चौदा दिवसांत त्याची लेखी संमती आली नाही, तर वाद आहे असंच धरलं जातं आणि मग सर्व्हेअर नेमून निवाडा घ्यावा लागतो. वेळ तिथेही जातो. पण तिथे एक सोय आहे जी मला इथे फार हवीशी वाटते. शेजारी गप्प बसला किंवा नाही म्हणाला, तरी पुढे जायची ठरलेली वाट आहे. आपल्याकडे शेजारी अडून बसला की दिवाणी कोर्ट आणि मनाई हुकूम. फोडलेल्या भिंतीवर मनाई हुकूम आला असता, तर तुम्ही अडीच महिने नाही, वर्षं मोजली असती.

आता ते अडीच महिने कुठे गेले. शेजारच्या घरात खाली राहणाऱ्या भाडेकरूंनी पहिल्याच दिवशी होकार दिला. पण भिंत भाडेकरूची नसते. त्या घराच्या प्रॉपर्टी कार्डावर अजून मालकांच्या आजोबांचं नाव, वारस तिघे, त्यातले एक नागपूरला आणि एक सांगलीला. त्यांच्याकडे मी माझा नेहमीचा मसुदा नेला. त्यात एक ओळ होती, ‘यापुढे आमची कोणतीही हरकत राहणार नाही.’ ते वाचून तिघेही बिथरले, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ‘सही केली की भिंत गेली’ अशी भीती पेठेत प्रत्येक घरात असते. ती ओळ काढून नवा कागद होईपर्यंत तीन आठवडे गेले. ती दिरंगाई माझ्या मसुद्याची, त्यांची नाही. नव्या कागदात लिहिलं: संमती याच कामापुरती, भिंतीवरचा हक्क होता तसाच, कामाआधीचे त्यांच्या खोल्यांचे फोटो सोबत जोडलेले, काम चालू असताना आम्हाला आत येऊन बघू द्यावं, तडा गेला तर दुरुस्ती आम्ही करू. ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर तिघांच्या सह्या झाल्या. तो मसुदा आता मी सगळ्याच कामांना वापरतो.

त्या कागदाचा उपयोग काय झाला, हे तुम्हाला कदाचित कुणी सांगितलं नसेल. त्यांच्या खोलीतल्या जुन्या चिरांवर आम्ही पीओपीच्या पट्ट्या मारून तारखा टाकल्या होत्या. भिंत हलली की पट्टी आधी तडकते. खोबणी आम्ही एक आड एक, छिन्नी-हातोड्याने काढत होतो, आणि चौथ्या दिवशी एक पट्टी तडकली. तासाभरात काम थांबवलं, पलीकडच्या तुळईखाली जॅक लावून टेकू दिले, इंजिनिअरला बोलावलं आणि दोन दिवसांनी पुढची खोबण काढली. आत जायची लेखी मुभा होती म्हणून हे जमलं. नाहीतर दार वाजवत उभे राहिलो असतो.

फोटो आणि टेकूंचे पैसे बिलात वेगळे लावल्याची तुमची तक्रार आहे. ते तसेच राहतील, कारण ते कामाचा भाग आहेत. पण चुकीची तारीख मी सांगितली होती, त्यामुळे एका महिन्याचं घरभाडं माझ्याकडून. पावती पाठवा, शेवटच्या हप्त्यातून वळतं करतो. नव्या कामात पलीकडची बाजू बघितल्याशिवाय मी ॲडव्हान्स घेत नाही, हेही सांगतो.

शेजारच्या पट्ट्या पावसाळा संपेपर्यंत काढू नका असं त्यांना सांगून ठेवलंय. ऑक्टोबरमध्ये त्या बघायला येईन, तेव्हा तुमच्या स्लॅबचीही पाहणी करून जातो.